ज्ञान व्यवस्थापन कुठे अडतं? देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मध्यम आकाराची सॉफ्टवेअर कंपनी. विकी (सगळ्यांना लिहिता-वाचता येणारा कंपनीचा अंतर्गत माहितीसाठा) आहे, प्रशिक्षणं होतात, अप्रेझलच्या फॉर्मात ज्ञानाच्या देवाणघेवाणीसाठी वेगळा रकाना आहे, कंपनी सोडून जाणाऱ्याकडून रीतसर केटी (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे आपल्या कामाची माहिती पुढच्याला सोपवणं) घेतली जाते. तरीही एकच बिघाड दोन टीम वेगवेगळ्या वेळी पहिल्यापासून शोधत बसतात, आणि एखादा जुना इंजिनियर गेला की त्याच्या मॉड्यूलला, म्हणजे तो सांभाळत असलेल्या सॉफ्टवेअरच्या भागाला, हात लावायला कोणी धजत नाही. संस्कृती, नेतृत्व, तंत्रज्ञान आणि बक्षिसं यांपैकी निर्णायक घटक कोणता, आणि आता डॉक्युमेंटवर चालणारा एआय चॅटबॉट घ्यावा का, असं विचारलं आहे.

चारही घटकांचा परिणाम होतो, यात वाद नाही. पण या यादीकडे आपण नेहमी एकाच बाजूने बघतो. लोक लिहीत नाहीत, सांगत नाहीत, माहिती धरून ठेवतात. मग त्यांनी लिहावं म्हणून संस्कृती बदला, बक्षीस द्या, नवं टूल आणा. सगळा रोख देणाऱ्यावर असतो. तंत्रज्ञान क्षेत्रात हे काम दीर्घकाळ केल्यावर माझं मत बनलं आहे की ज्ञान बहुतेक वेळा घेणाऱ्याच्या बाजूला अडतं: त्याची पूर्वतयारी, त्याच्याकडचा वेळ, त्याचा विश्वास आणि विचारण्याची त्याची मुभा या चार ठिकाणी.

याला अभ्यासाचा आधार आहे. व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक गॅब्रिएल झुलान्स्की यांनी 1996 साली आठ कंपन्यांमधली 122 हस्तांतरणं तपासली. कंपनीच्या एका विभागात यशस्वी ठरलेली कार्यपद्धती दुसऱ्या विभागात नेताना काय अडतं, हा त्यांचा प्रश्न होता. तोपर्यंत साधारण समजूत अशी होती की लोकांची इच्छा नसते. त्यांना सापडलेले सर्वांत मोठे अडथळे तीन होते: घेणाऱ्याची ते ज्ञान पचवण्याची क्षमता कमी असणं, ती पद्धत नेमकी कशामुळे चालते हे कोणालाच स्पष्ट नसणं आणि दोन्ही बाजूंचे संबंध अवघडलेले असणं. या तिन्हींतला एकही अडथळा अप्रेझलच्या रकान्याने दूर होत नाही.

पहिला अडथळा, पचवण्याची क्षमता. कोहेन आणि लेविंथल यांनी 1990 मध्ये मांडलेला मुद्दा असा की नवं ज्ञान ओळखायला आणि वापरायला त्याच विषयातलं थोडं जुनं ज्ञान आधी लागतं. व्यवहारात याचा अर्थ असा: पेमेंटच्या मॉड्यूलवर कधीच काम न केलेल्या मुलीला तुम्ही त्याचं चाळीस पानांचं डॉक्युमेंट दिलंत, तर ती ते प्रामाणिकपणे वाचेल आणि त्यातलं महत्त्वाचं वाक्य कोणतं हे तिला कळणार नाही. तेच डॉक्युमेंट तिने त्या मॉड्यूलमधले दोन बग सोडवल्यानंतर वाचलं, तर प्रत्येक परिच्छेद तिच्याशी बोलू लागतो. डॉक्युमेंट तेच असतं, बदललेली असते ती वाचणारी. म्हणून नवीन माणसाला पहिल्या आठवड्यात सगळं वाचायला लावणं हा मला वेळेचा अपव्यय वाटतो. आधी छोटं काम, मग वाचन, मग मोठं काम, हा क्रम चालतो.

दुसरा अडथळा ज्ञानाच्या स्वरूपातच आहे, आणि तंत्रज्ञान कंपन्यांसाठी तो सर्वांत खोल आहे, म्हणून इथे जरा थांबतो. माणसाला जेवढं सांगता येतं त्याहून जास्त ठाऊक असतं, हे तत्त्वज्ञ मायकेल पोलानी यांनी 1966 मध्ये मांडलं. पुढे इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची यांनी 1995 मध्ये हे अव्यक्त ज्ञान संस्थेत व्यक्त कसं होतं आणि पुन्हा माणसांत कसं मुरतं, याची मांडणी केली. ज्ञान व्यवस्थापनाच्या प्रत्येक सादरीकरणात त्यांचा चार चौकटींचा तक्ता असतो. तो तक्ता बघून अनेक व्यवस्थापकांची अशी समजूत होते की पुरेसा जोर लावला तर डोक्यातलं सगळं कागदावर उतरवता येईल. तसं होत नाही.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत हे सर्वांत स्पष्ट सांगितलं संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी, 1985 मधल्या एका निबंधात. प्रोग्राम लिहिणं म्हणजे मुळात प्रोग्रामरच्या मनात एक सिद्धान्त उभा राहणं, असं त्यांचं म्हणणं. हा प्रश्न असा का सोडवला, दुसरा मार्ग का टाळला, उद्या नवी गरज आली तर ती कुठे बसेल, या सगळ्याची जाण म्हणजे तो सिद्धान्त. त्यांनी दिलेलं उदाहरण आजच्या कोणत्याही कंपनीतलं वाटेल. एका गटाने कंपायलर (प्रोग्रामिंगच्या भाषेतला कोड यंत्राला कळेल अशा रूपात आणणारा प्रोग्राम) बनवला. दुसऱ्या गटाला तो थोड्या विस्तारित भाषेसाठी वाढवायचा होता. त्यांना संपूर्ण कोड मिळाला, भरपूर डॉक्युमेंट मिळाली, मूळ गटाचा सल्लाही मिळाला. तरी त्यांनी सुचवलेल्या बदलांत अनेक ठिकाणी मूळ रचनेतच असलेल्या सोयी न वापरता वरून ठिगळं लावली होती, आणि त्यामुळे रचनेची ताकदच जात होती. मूळ गटाला हे तत्काळ दिसलं, आणि रचनेत बसणारे साधे उपायही सुचले. हे सगळं डॉक्युमेंटमध्ये होतं, तरी पोहोचलं नव्हतं.

याहून टोकाचं उदाहरण सॉफ्टवेअरच्या बाहेरचं आहे. अमेरिकेच्या डब्ल्यू76 या अण्वस्त्रात 'फॉगबँक' या सांकेतिक नावाचा एक पदार्थ लागतो. त्याचं उत्पादन 1980 च्या दशकाच्या अखेरीस थांबलं. पुढे शस्त्रांचं आयुष्य वाढवायचं ठरलं तेव्हा तो पुन्हा बनवायचा होता, आणि तोपर्यंत प्रक्रियेच्या नोंदी अपुऱ्या आणि जाणकार माणसं विखुरलेली, अशी अवस्था झाली होती. वर्षं गेली, खर्च वाढला. 2009 मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने त्यावर अहवाल दिला. शेवटी कळलं ते असं की जुन्या प्रक्रियेत कच्च्या मालातून एक अशुद्धी नकळत येत होती आणि पदार्थाच्या गुणधर्मासाठी तीच आवश्यक होती. नव्या, अधिक स्वच्छ प्रक्रियेने ती काढून टाकली होती. मूळ कामगारांना कितीही मनापासून लिहायला बसवलं असतं, तरी ही ओळ त्यांनी लिहिली नसती, कारण ती त्यांनाच ठाऊक नव्हती.

आता तुमच्या केटीकडे बघा. नोटीस पिरियडच्या शेवटच्या दोन आठवड्यांत जाणारा माणूस स्क्रीन शेअर करून बोलतो, नवा माणूस ऐकतो, रेकॉर्डिंग कुठल्याशा फोल्डरमध्ये जातं. यात देणारा आपल्याला जे आठवतं ते देतो, आणि घेणाऱ्याला अजून प्रश्नच पडलेले नसतात. मी ज्या टीमसोबत काम करतो त्यांना एकच बदल सुचवतो: राजीनामा आल्याच्या दिवसापासून त्या मॉड्यूलचं प्रत्येक काम नव्या माणसाने करायचं आणि जाणाऱ्याने फक्त शेजारी बसायचं. डिप्लॉयमेंट (नवा कोड चालू प्रणालीवर चढवणं), रात्रीचा अलर्ट, ग्राहकाची तक्रार, सगळं. जिथे नवा अडतो तिथेच नेमकं न लिहिलेलं ज्ञान असतं. ते त्याने, म्हणजे नव्यानेच, त्या दिवशी लिहून ठेवायचं. जुन्याच्या हातून लिहिलेल्या डॉक्युमेंटमध्ये त्याला उघड वाटणाऱ्या गोष्टी गळतात, आणि नव्याला नडतात त्याच गोष्टी.

काय लिहिता येतं आणि काय माणसाकडूनच घ्यावं लागतं, यानुसार कंपनीने आपला भर ठरवावा, हे हॅन्सन, नोहरिया आणि टिअर्नी यांनी 1999 मध्ये सल्लागार कंपन्यांच्या अभ्यासातून मांडलं. त्याच त्या प्रकारची कामं वारंवार येत असतील तर लिखित साठा उपयोगी पडतो, आणि प्रत्येक काम नवं असेल तर माणसाला माणसाशी जोडणं. दोन्हींवर सारखाच जोर दिला तर दोन्ही अर्धवट राहतात. ऑन-कॉलची रनबुक (अवेळी बिघाड आला तर पाळीवर असलेल्याने काय करायचं याच्या पायऱ्या), रिलीजचे टप्पे, सॉफ्टवेअर ज्या सर्व्हरवर आणि सेटिंगवर चालतं त्यांची मांडणी हे सगळं जरूर लिहा. आर्किटेक्चरचं 'असं का' मात्र निर्णय घेतानाच्या क्षणी टिपावं लागतं. मायकेल नायगार्ड यांनी 2011 मध्ये सुचवलेली निर्णय-नोंदीची पद्धत मला यासाठी आवडते. परिस्थिती काय होती, निर्णय काय घेतला आणि त्याचे परिणाम काय, एवढं एक-दोन पानांत लिहायचं आणि कोडसोबतच ठेवायचं. नाकारलेला पर्याय आणि त्याचं कारण त्यात आवर्जून लिहा. दोन वर्षांनी येणाऱ्या माणसाला सर्वांत जास्त हवं असतं ते हेच.

तिसरा अडथळा संबंधांचा. झेरॉक्सच्या दुरुस्ती तंत्रज्ञांचा ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने केलेला अभ्यास या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. कंपनीला वाटत होतं की तंत्रज्ञ मॅन्युअल उघडून, त्यातल्या पायऱ्या धरून मशीन दुरुस्त करतात. प्रत्यक्षात मॅन्युअलच्या पलीकडचा बिघाड आला की ते एकमेकांना किस्से सांगत, एका मशीनचं वागणं दुसऱ्याशी ताडून बघत आणि बोलता बोलता निदान करत. जेवणाच्या टेबलावरच्या त्या गप्पा हाच त्यांचा ज्ञानसाठा होता. यावरून पुढे कंपनीत 'युरेका' ही प्रणाली उभी राहिली. तंत्रज्ञाने युक्ती लिहायची, दुसऱ्या अनुभवी तंत्रज्ञांनी ती तपासायची, आणि स्वीकारली गेली की लेखकाच्या नावासकट ती सगळ्यांना दिसायची. प्रणाली चालली, कारण वाचणाऱ्याला ठाऊक होतं की ही युक्ती आपल्यासारखंच हात काळे करणाऱ्याने लिहिली आहे आणि आपल्यासारख्यांनीच पारखली आहे. विश्वास आधीपासून होता, प्रणालीने त्याला फक्त लांबचा पल्ला दिला.

उलट उदाहरण नासाचं. घेतलेल्या धड्यांची मोठी माहिती-प्रणाली त्यांच्याकडे वर्षानुवर्षं आहे. 2012 मध्ये त्यांच्याच महानिरीक्षक कार्यालयाने तिचा आढावा घेतला तेव्हा दिसलं की प्रकल्प व्यवस्थापक तिचा नियमित वापर करतच नाहीत. नोंद करण्याची व्यवस्था होती, पण काम सुरू करताना तिकडे वळण्याचं कारण कोणाच्या दिवसात नव्हतं. तुमच्या विकीचं नेमकं हेच झालं आहे, असा माझा अंदाज आहे.

अंतराचाही यात मोठा वाटा आहे. एमआयटीतले टॉमस अ‍ॅलन यांनी संशोधन संस्थांमधल्या इंजिनियरांच्या संवादाची मोजणी केली आणि 1977 मध्ये मांडलं की बसण्याच्या जागांमधलं अंतर वाढलं की तांत्रिक बोलणं झपाट्याने घटतं आणि साधारण 50 मीटरच्या पुढे ते अगदी किरकोळ उरतं. आता टीम वेगवेगळ्या शहरांत आणि टाइमझोनमध्ये असतात, त्यामुळे सहज कानावर पडणारं ज्ञान जवळपास संपलं आहे. त्याची भरपाई मुद्दाम करावी लागते: तांत्रिक चर्चा खासगी मेसेजमध्ये न करता टीमच्या खुल्या चॅनेलवर करणं, कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे एकाचा कोड दुसऱ्याने तपासताना, 'हे बदला' एवढंच न लिहिता कारण लिहिणं, वेगळ्या टीमच्या माणसालाही रिव्ह्यूला बोलावणं. कोड रिव्ह्यू हे बग पकडण्याचं साधन म्हणून मोजलं जातं, पण मला त्याचं मोल शिकवण्यासाठी जास्त वाटतं. मेल्विन कॉन्वे यांनी 1968 मध्ये लिहिलं होतं की संस्थेत संवादाची जशी रचना असते तशीच रचना तिने बनवलेल्या प्रणालीत उतरते. ज्या दोन टीम बोलत नाहीत, त्यांच्या मॉड्यूलमधल्या सांध्यावरच बिघाड होत राहतात, आणि तोच बिघाड दोनदा शोधला जातो तोही तिथेच.

आता भीती. तुमच्या प्रश्नात हिचा उल्लेख नाही, पण माझ्या अनुभवात ज्ञान सर्वांत जास्त हिच्यामुळे दडतं. संशोधक एमी एडमंडसन रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील असं त्यांना अपेक्षित होतं, आणि आकडे उलटे आले: चांगलं नेतृत्व असलेल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त होत्या. कारण तिथे लोक चूक सांगायला घाबरत नव्हते. या वाटेने त्यांनी 1999 मध्ये मानसिक सुरक्षिततेची संकल्पना टीमच्या शिकण्याशी जोडली. घेणाऱ्यासाठी हिचा अर्थ फार सरळ आहे: 'मला हे येत नाही' असं चारचौघांत म्हणता येतं का? जिथे सीनियर माणसाला मूलभूत प्रश्न विचारणं कमीपणाचं मानलं जातं, तिथे विकी कितीही भरा, लोक अंदाजाने काम करतील.

भीती नसली की काय साधतं याचा नमुना म्हणून गिटलॅब या, इतरांचा कोड ऑनलाइन सांभाळणाऱ्या कंपनीतली 31 जानेवारी 2017 ची घटना बघा. एका इंजिनियरने चुकीच्या सर्व्हरवर, म्हणजे मुख्य डेटाबेसवर, डेटा काढून टाकण्याची आज्ञा चालवली. सुमारे 300 जीबी डेटा गेला. नंतर लक्षात आलं की बॅकअप सॉफ्टवेअरच्या आवृत्तींमधल्या विसंगतीमुळे कधीपासूनचे अपयशी ठरत होते आणि तसं कळवणारे ईमेल पोहोचतच नव्हते. सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटमुळे, म्हणजे त्या क्षणाच्या डेटाच्या प्रतीमुळे, बहुतेक डेटा वाचला. कंपनीने दुरुस्ती चालू असतानाच आपल्या नोंदी जगाला खुल्या केल्या आणि नंतर सविस्तर अहवाल छापला. त्यात रोख व्यवस्थेतल्या त्रुटींवर होता, व्यक्तीवर नव्हता. बॅकअप घेणं आणि तो परत उभा राहतो का हे तपासणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या अहवालातून त्या कंपनीबाहेरच्याही कितीतरी टीम शिकल्या. नाव घेऊन ठपका ठेवणारा अहवाल असता तर ईमेल न पोहोचण्यासारखा तपशील कोणी एवढा खोल खणला नसता. बिघाडानंतरची बैठक कोणावरही ठपका न ठेवता घेण्याची जबाबदारी पूर्णपणे वरिष्ठांची आहे. नेतृत्व हा घटक मी इथे ठेवतो: भाषणात नव्हे, तर बिघाडानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत वरिष्ठ कोणता प्रश्न विचारतात यात.

वेळेबद्दल फार बोलण्यासारखं नाही, कारण गणित उघड आहे. प्रत्येक तास ग्राहकाच्या किंवा स्प्रिंटच्या (ठरावीक आठवड्यांच्या कामाच्या टप्प्याच्या) खात्यावर लावायचा असेल आणि लिहिण्या-वाचण्याच्या तासाला खातंच नसेल, तर ते काम होणार नाही. 'काम पूर्ण' या व्याख्येतच निर्णय-नोंद आणि बदललेलं रनबुक घाला, आणि अंदाज देताना तो वेळ धरा.

बक्षिसांबाबत मी सावध आहे. किती लेख लिहिले यावर गुण दिले की लेख वाढतात आणि त्यांतून हवं ते शोधणं अवघड होतं. एका कंपनीत अप्रेझलच्या आधीच्या महिन्यात विकीवर पानांचा पूर यायचा, आणि त्यांतली बरीच पानं जुन्याच मजकुराची नवी प्रत असायची. मोजायचंच असेल तर घेणाऱ्याच्या बाजूने मोजा: नवा माणूस पहिलं स्वतंत्र डिप्लॉयमेंट किती दिवसांत करतो, एकाच मूळ कारणाचा बिघाड पुन्हा किती वेळा येतो, किती मॉड्यूल अशी आहेत की ज्यांत सुरक्षितपणे बदल करू शकणारा एकच माणूस आहे. हा शेवटचा आकडा प्रत्येक तिमाहीत संचालकांसमोर ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

गुणवत्ता व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक असलेल्या आयएसओ 9001 च्या 2015 च्या आवृत्तीत संस्थेच्या ज्ञानाबद्दल स्वतंत्र कलम आलं, आणि 2018 मध्ये आयएसओ 30401 हे ज्ञान व्यवस्थापनाचं वेगळं मानक आलं. ऑडिटच्या निमित्ताने विषय टेबलावर येतो हा त्यांचा फायदा. प्रमाणपत्रासाठी भरलेली रजिस्टरं कोणी वाचत नसेल तर मात्र तेवढाच.

आता चॅटबॉट. तो शोधण्याचा त्रास खरोखर कमी करतो, आणि विचारायला संकोचणाऱ्या नव्या माणसाला त्याचा आधारही वाटतो. पण डॉक्युमेंटमध्ये जे नाही ते तो देऊ शकत नाही, आणि जुनं झालेलं पान तो ताज्या पानाइतक्याच आत्मविश्वासाने सांगतो. पूर्वी जुन्या पानाचा अवतार बघूनच वाचणाऱ्याला शंका यायची, ती शंका आता येत नाही. म्हणून चॅटबॉट घेण्याआधी प्रत्येक पानाला एक मालक आणि पुन्हा तपासण्याची तारीख द्या. मालक सापडत नाही ती पानं काढून टाका, अगदी निम्मी विकी गेली तरी चालेल. आणि चॅटबॉटला आलेले, पण उत्तर न मिळालेले प्रश्न दर आठवड्याला टीमने वाचावेत. घेणाऱ्याला नेमकं काय हवं आहे याची इतकी प्रामाणिक यादी तुम्हाला दुसरीकडे मिळणार नाही.

तुमच्या जागी मी असतो तर सुरुवात एका मॉड्यूलपासून केली असती: ज्याला कोणी हात लावत नाही, त्याच. त्याचा जुना जाणकार अजून कंपनीत दुसऱ्या टीममध्ये असेल तर त्याचे आठवड्यातले काही तास अधिकृतपणे मोकळे करून घ्या. दोन जणांना त्या मॉड्यूलमधले खरे, छोटे बदल करायला द्या. एकालाच नको, कारण तोही उद्या जाईल. त्यांना पडलेला प्रत्येक प्रश्न आणि त्याचं उत्तर त्यांनीच लिहावं. तिमाहीच्या शेवटी त्या दोघांपैकी एकाने जाणकाराची मदत न घेता रिलीज करून दाखवावा. तो जमला की पुढचं मॉड्यूल घ्या. नाही जमला तर तो नेमका कुठे अडला ते बघा, आणि पुढच्या तिमाहीचं काम तिथूनच सुरू करा.